झाकली मूठ की उघडे गणित?

सायकलचा एखादा नट हरवला तर तुम्ही काय करता? जवळच्या दुकानात जाता, त्या मापाचा नट मागता आणि तो आपल्या बोल्टवर फिरवून बसवता. बोल्ट एका कारखान्यात तयार झालेला असतो, नट दुसऱ्याच कारखान्यात. त्या दोन कारखान्यांच्या मालकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरी आटे जुळतात! हे आपोआप घडत नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने असे सुचवले, की आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंशच ठेवावा आणि अमुक जाडीच्या बोल्टला एका इंचात अमुक इतकेच आटे पाडावेत. त्याआधी ज्याचे आटे त्याच्यापुरते, असा प्रकार होता. पुढे मेट्रिक मापे आली, कोन बदलला, पण कल्पना तीच राहिली. अशा सर्वांनी मान्य केलेल्या मापाला किंवा नियमाला आपण 'मानक' म्हणतो.

मानक नसले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातच होते. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अवघे २ फूट ६ इंच रुंदीचे होते, तर कुर्डुवाडीला तिला मिळणाऱ्या मुख्य मार्गाचे रूळ ५ फूट ६ इंचांचे. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाणार कसा? मग माल एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात चढवायचा. मानक नसल्याची किंमत अशी हमालीत मोजावी लागते. आता तेथेही मोठे रूळ आले आहेत.

आज मला तुमच्याशी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका मानकाविषयी बोलायचे आहे. तुम्ही इंटरनेटवर रेल्वेचे तिकीट काढता किंवा परीक्षेचे शुल्क भरता, तेव्हा त्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता उघडून पाहा. तो 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो. त्यातला शेवटचा 'एस' सांगतो, की तुमचा संगणक आणि दुकानाचा किंवा बँकेचा संगणक यांच्यातील बोलणे कुलूपबंद आहे. हे कुलूप लावण्याच्या नियमांना आरंभी एसएसएल हे नाव होते. १९९९ पासून त्यांना टीएलएस म्हणतात. हे नियम कोणी बनवले, त्यात पैसा कोणी घातला आणि ते साऱ्या जगाचे मानक कसे झाले, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असायलाच हवी, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: पैशाने तंत्रज्ञान उभे राहते, पण मानक होण्यासाठी पैसा पुरत नाही. त्यासाठी नियम सर्वांपुढे उघडे करावे लागतात आणि ज्याला वाटेल त्याला ते तपासू द्यावे लागतात. शिवाय एकदा साऱ्या जगाने एखाद्या मानकावर भार टाकला, की त्याची निगा राखण्याचा खर्चही जगानेच उचलला पाहिजे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण घरच्या अडचणी लोकांपासून लपवायला ठीक आहे. तंत्रज्ञानात ती फार वेळा बुडवते.

पोस्टकार्डावरचा व्यवहार

इंटरनेटवरचा संदेश एका संगणकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जात नाही. वाटेत तो अनेक संगणकांच्या हातांतून जातो. म्हणून साधा संदेश हा पोस्टकार्डासारखा असतो. वाटेतला कोणीही तो वाचू शकतो. पोस्टकार्डावर खुशाली लिहायला हरकत नाही, पण तिजोरीचा आकडा त्यावर कोण लिहील?

१९९४ साली नेमकी हीच अडचण होती. दुकाने इंटरनेटवर येऊ पाहत होती, परंतु गिऱ्हाइकाने आपल्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक पाठवायचा कसा? ११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेतील नेटमार्केट नावाच्या छोट्या कंपनीने एका गिऱ्हाइकाला गाण्यांची एक सीडी विकली. तिची किंमत साडेबारा डॉलरच्या आसपास होती. कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात पाठवला गेला होता, म्हणून 'न्यू यॉर्क टाइम्स'ने त्याची बातमी छापली. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला खास वेगळी आज्ञावली वापरावी लागली. एक सीडी घेण्यासाठी इतका खटाटोप किती जण करणार? कुलूप हवे होते, पण ते लावल्याचे गिऱ्हाइकाला कळूही नये, असे हवे होते.

गणिताने दिलेले कुलूप

कुलूप म्हटले की किल्ली आली. ज्या दुकानदाराला आपण कधी भेटलोच नाही, त्याच्यापर्यंत किल्ली पोहोचवायची कशी? किल्लीच पोस्टकार्डावर पाठवली तर कुलपाचा उपयोग काय? या पेचातून सुटण्याची वाट १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी एमआयटी या संस्थेतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिला एक नामी रूप दिले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती पद्धत 'आरएसए' म्हणून ओळखली जाते.

कल्पना अशी. दुकानदार आपली उघडी कुलपे गावभर वाटतो आणि किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवतो. कोणीही आपला संदेश पेटीत घालून त्याचे कुलूप दाबून बंद करू शकतो. एकदा बंद झाल्यावर बंद करणाऱ्यालाही ते उघडता येत नाही. दुकानदारच ते उघडू शकतो.

असे कुलूप गणितात कसे करायचे? वही-पेन्सिल घ्या आणि स्वतः करून पाहा. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. आता दोघींतून एकेक वजा करून गुणाकार करा: २ गुणिले १०, म्हणजे २०. यानंतर अशा दोन संख्या शोधा, की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागले असता बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण त्यांचा गुणाकार २१ आहे. आता ३३ आणि ३ या संख्या सर्वांना सांगून टाका. हे झाले उघडे कुलूप. ७ ही संख्या कोणाला सांगू नका. ती झाली किल्ली.

तुमच्या मैत्रिणीला तुमच्याकडे ४ हा आकडा गुपचूप पाठवायचा आहे. ती ४ चा घन करते: ६४. त्याला ३३ ने भागून उरलेली बाकी ३१ तुम्हाला पाठवते. तुम्ही ३१ चा सातवा घात करून त्याला ३३ ने भागायचे. आकडा मोठा होईल म्हणून घाबरू नका. ३१ ही ३३ पेक्षा २ ने लहान आहे, म्हणून तिच्या जागी उणे २ घ्या. उणे २ चा सातवा घात उणे १२८. त्यात ३३ ची चौपट, म्हणजे १३२ मिळवा. उरले ४! मैत्रिणीचा आकडा तुम्हाला मिळाला.

३३ चे अवयव तर चौथीतला मुलगाही पाडील आणि किल्ली शोधून काढील, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. म्हणूनच प्रत्यक्ष व्यवहारात ३३ च्या जागी प्रचंड संख्या घेतात. १९७७ साली या शास्त्रज्ञांनी १२९ अंकी संख्येने बंद केलेला एक संदेश जगापुढे ठेवला आणि तो उलगडणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. १७ वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापले संगणक जोडून त्या संख्येचे अवयव पाडले. त्यावरून १२९ अंक पुरेसे नाहीत, हे सर्वांना समजले. आज सर्रास ६१७ अंकी संख्या वापरतात. आपल्या कुलपाची ताकद किती, हे ठरवण्यासाठी त्यांनी साऱ्या जगाला ते फोडून पाहायला बोलावले, हे लक्षात ठेवा.

याच्या उलट काय घडते तेही पाहा. हीच युक्ती ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या गुप्त संस्थेतील गणितज्ञ क्लिफर्ड कॉक्स यांना १९७३ सालीच, म्हणजे चार वर्षे आधी सुचली होती. पण ती सरकारी गुपित म्हणून बंद राहिली आणि १९९७ पर्यंत जगाला तिचा पत्ताही नव्हता. बुद्धी तितकीच मोठी, शोध तोच. पण झाकलेल्या मुठीतला शोध बाजाराच्या काय कामाचा? मानक झाले ते उघडे केलेले गणित.

पैसा कोणी घातला?

गणित कागदावर तयार होते. ते साध्या गिऱ्हाइकाच्या हातात पोहोचवायचे तर अभियंते हवेत, त्यांचे पगार हवेत, म्हणजे भांडवल हवे. ते काम कॅलिफोर्नियातील नेटस्केप या कंपनीने केले. एप्रिल १९९४ मध्ये जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांनी ती काढली. क्लार्क हे आधी एक मोठी संगणक कंपनी काढून चुकलेले उद्योजक होते. त्यांनी पदरचा पैसा घातला. अँड्रीसन यांनी इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थी असताना मोझॅक हा ब्राउझर बनवण्यात पुढाकार घेतला होता. डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर बाजारात आला. १९९५ च्या फेब्रुवारीत एसएसएल या नियमावलीची दुसरी आवृत्ती बाहेर पडली. पहिल्या आवृत्तीत दोष असल्याने ती कधी प्रसिद्धच झाली नव्हती. ९ ऑगस्ट १९९५ रोजी कंपनीने आपले शेअर २८ डॉलरला विक्रीस काढले. त्याच दिवशी बाजार बंद होताना त्यांचा भाव ५८ डॉलरच्या वर गेला होता. त्या वेळी कंपनी नफ्यातही आलेली नव्हती!

या धाडसाचे मोल मी कमी लेखत नाही. कोणी पैसा घातला नसता तर ते गणित ग्रंथालयात धूळ खात पडले असते. पण नेटस्केपची खरी दूरदृष्टी मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. तिने एसएसएलचे नियम छापून सर्वांना खुले केले. परिणाम असा झाला, की १९९५ मध्येच ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी ते नियम वाचून त्यांची स्वतंत्र आज्ञावली लिहिली आणि फुकट वाटली. एका कारखान्याच्या बोल्टवर दुसऱ्या कारखान्याचा नट बसला! पुढे १९९८ मध्ये त्याच आज्ञावलीतून ओपनएसएसएल हा प्रकल्प निघाला आणि जगातील असंख्य सर्व्हर त्यावर चालू लागले.

जेथे झाकले तेथेच भोक

नियम उघडे केल्यावर चोरांचेच फावेल, असे तुम्हाला वाटेल. या शंकेचे उत्तर १८८३ सालीच ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने देऊन ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे होते, की सांकेतिक लेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. फक्त किल्ली गुप्त राहिली म्हणजे झाले. पद्धत आज ना उद्या फुटतेच. किल्ली बदलता येते, पद्धत रोज बदलता येत नाही.

१९९५ सालच्या दोन घटनांनी हे म्हणणे पडताळून दाखवले. त्या काळी अमेरिकेचा कायदा मजबूत सांकेतिक तंत्राला शस्त्रास्त्रांच्या यादीत घालत असे. म्हणून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या नेटस्केपच्या प्रतींत किल्ली फक्त ४० बिटांची असे. ४० बिटांच्या किल्ल्या किती होतात? २ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला वाटत नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये डॅमियन डॉलिझे या फ्रेंच संशोधकाने सुमारे १२० संगणक आठ दिवस चालवून अशी एक किल्ली शोधून काढली. प्रत्येक बिट वाढला की किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. १२८ बिटांच्या किल्ल्या तपासायला बसलात आणि दर सेकंदाला एक लाख कोटी तपासल्यात, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. म्हणजे येथे दोष गणिताचा नव्हता, किल्ली मुद्दाम आखूड ठेवणाऱ्या कायद्याचा होता.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केपचा ब्राउझर उलगडून पाहिला. किल्ली बनवायची तर यादृच्छिक संख्या हवी, म्हणजे कोणालाही अंदाज करता येणार नाही अशी. नेटस्केपचा ब्राउझर ती संख्या घड्याळातील वेळ आणि संगणकाने चालू कामांना दिलेले क्रमांक यांच्यावरून काढत होता! वेळ तर कोणीही सांगेल, आणि क्रमांकांचा अंदाज करणेही अवघड नव्हते. तीन आकड्यांच्या कुलपाचा आकडा म्हणून स्वतःच्या जन्माची तारीख ठेवण्यासारखाच हा प्रकार. गंमत अशी, की एसएसएलचे नियम उघडे होते, पण यादृच्छिक संख्या काढण्याची रीत मात्र कंपनीने प्रसिद्ध केली नव्हती. भोक पडले होते ते नेमके त्या झाकलेल्या भागात.

कंपनीने काय केले? चूक दुरुस्त केली आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये दोष शोधून देणाऱ्यांसाठी बक्षिसे जाहीर केली. मग पॉल कोचर या सल्लागाराच्या मदतीने नियमावली नव्याने लिहून १९९६ मध्ये तिची तिसरी आवृत्ती काढली. प्रयोगशाळेत आपण हेच करत नाही का? एकाने मोजलेला गुरुत्वत्वरण दुसरा पुन्हा मोजतो. उत्तर जुळले नाही तर रागावायचे नसते, लोलकाची लांबी पुन्हा तपासायची असते.

मोठ्या नावांचे काय झाले?

आता उलट बाजू पाहू. १९९६ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्डव्यवहारातील दोन बलाढ्य कंपन्यांनी एकत्र येऊन 'सेट' नावाची नवी पद्धत जाहीर केली. पैसा होता, नाव होते, मोठमोठ्या संगणक कंपन्यांचा पाठिंबाही होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने तर ती काही बाबतींत एसएसएलपेक्षा सरस होती, कारण तिच्यात दुकानदारालासुद्धा कार्डाचा क्रमांक कळण्याची गरज नव्हती. पण तिच्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाला खास आज्ञावली बसवून स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र मिळवावे लागे. लोकांनी ती स्वीकारली नाही आणि काही वर्षांत ती मागे पडली. मानक वरून लादता येत नाही. ते वापरणाऱ्याच्या हाताला सोयीचे असावे लागते.

मायक्रोसॉफ्टनेही १९९५ मध्ये पीसीटी नावाचे आपले वेगळे नियम काढले होते. तसेच चालू राहिले असते तर इंटरनेटवरही कुर्डुवाडी झाली असती: या ब्राउझरचे गिऱ्हाईक त्या दुकानात चालत नाही! सुदैवाने दोन्ही बाजूंनी हा विषय आयईटीएफ या संस्थेपुढे नेण्याचे मान्य केले. या संस्थेत जगभरचे अभियंते खुली चर्चा करून इंटरनेटचे नियम ठरवतात. जानेवारी १९९९ मध्ये टीएलएस या नावाने ते नियम प्रसिद्ध झाले. नाव बदलण्याचे एक कारण हेही होते, की ते कोणा एका कंपनीचे वाटू नयेत.

आणि नेटस्केप? त्याच वर्षी तिला एओएल या कंपनीने विकत घेतले. ब्राउझरच्या शर्यतीत ती हरली आणि २००८ मध्ये तिच्या ब्राउझरची देखभालही थांबली. मालक गेला, पण त्याने खुली केलेली नियमावली नव्या नावाने जगभर चालू आहे.

मग गुंतवणूक करणाऱ्याने काय मिळवले, असा प्रश्न तुमच्यापैकी एखादा व्यवहारी विद्यार्थी विचारील, आणि तो विचारायलाच हवा. शोध फुकट वाटायचे तर कोणी पैसा का घालावा? माझे उत्तर असे, की नियम वाटणे म्हणजे धंदा वाटणे नव्हे. नेटस्केपने नियम खुले केले, पण दुकानदारांना लागणारे सर्व्हर विकले. आरएसएच्या शोधकांनी आपली पद्धत छापली आणि अमेरिकेत तिचे पेटंटही घेतले. ते १९८३ मध्ये मिळाले, २००० मध्ये संपले. तेवढ्या काळात त्यांच्या कंपनीने त्यावर पैसा मिळवला. पेटंट हा मुळात एक करारच आहे: तुझे गुपित लिहून दे, म्हणजे काही वर्षे त्याचा लाभ तुला. मुदत संपली की ते सर्वांचे. हा करार मला न्याय्य वाटतो.

याच काळातले जपानचे उदाहरण तर तुमच्या रोजच्या पाहण्यातले आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर लावलेला काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा क्यूआर कोड १९९४ मध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. कंपनीकडे त्याचे पेटंट होते, पण तिने तपशील प्रसिद्ध केला आणि प्रमाणित कोड वापरणाऱ्यांकडे पेटंटचा हक्क सांगायचा नाही, असे ठरवले. प्रत्येक कोडामागे पैसे मागितले असते तर तो आपल्या मंडईत पोहोचला असता का?

मानकाची निगा

येथे मला एक तक्रार मांडायची आहे आणि ती आपणा सर्वांविरुद्ध आहे. विहीर गावाची असली की तिचा गाळ काढायला कोणी उतरत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाने ओळखला गेलेला गंभीर दोष सापडला. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती बाहेरच्यांना वाचता येत होती. तेव्हा असे उघडकीस आले, की ज्या आज्ञावलीवर मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवहार चालत होता, तिला देणग्या म्हणून वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते आणि तिची देखभाल मूठभर माणसे करत होती. लाखो जण पाणी भरत होते, दोराला पैसे देणारा कोणी नव्हता! त्यानंतर मात्र मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा कामांसाठी निधी उभा केला.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, दुसरा धडा मिळाला. अमेरिकेने १९९० च्या दशकात परदेशांसाठी ठेवायला लावलेली आखूड किल्ली कायदा सैल झाल्यावरही अनेक सर्व्हरांत तशीच पडून होती आणि तिच्यामुळे नवी कुलपेही उघडता येत होती. जुनी मोरी बुजवली नाही तर साप तेथूनच घरात येतो. म्हणून मानक एकदा ठरवून भागत नाही, वेळोवेळी झाडून काढावे लागते. एसएसएलच्या जुन्या आवृत्त्या आता वापरायच्या नाहीत असे ठरले आहे. २०१८ मध्ये टीएलएसची १.३ ही आवृत्ती आली, तिच्यात अनेक जुने मार्ग कायमचे बंद केले.

यावर काहींचे म्हणणे असे, की हे सगळे एखाद्या मोठ्या कंपनीवर सोपवावे, म्हणजे निगाही राहील. मला हे पटत नाही. गावाच्या विहिरीची निगा राहत नाही म्हणून ती सावकाराला देऊन टाकायची नसते, पाळ्या लावून गाळ काढायचा असतो.

तुम्ही काय कराल?

२०१६ साली मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय सुरू केले. एका कंपनीच्या ॲपमधून दुसऱ्या बँकेतील खात्यात पैसे जातात, ते त्यातील समान नियमांमुळे. हाही नट-बोल्टाचाच प्रकार. उद्या आणखी नवी तंत्रे येतील. 'यात पैसा घाला, हेच पुढचे मानक' असे सांगणारे लोकही येतील. अशा वेळी तीन प्रश्न विचारा. याचे नियम लिहून सर्वांपुढे ठेवले आहेत का? बाहेरच्या माणसाला ते तपासून दोष दाखवता येतात का, आणि दाखवल्यावर त्याला बक्षीस मिळते की नोटीस? मूळ कंपनी उद्या बंद पडली तर हे चालू राहील का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी नसतील, तर जाहिरात कितीही चकचकीत असली तरी थांबा.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे, की मूळ संख्या, अवयव आणि बाकी हे धडे शिकवताना वर दिलेले ३३ चे कुलूप वर्गात करून घ्यावे. 'याचा उपयोग काय?' हा मुलांचा नेहमीचा प्रश्न त्या तासाला कोणी विचारणार नाही. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने ५ आणि ११ घेऊन कुलूप बनवावे, दुसऱ्याने ते फोडावे. फोडणाऱ्या गटालाही तितकेच गुण द्यावेत. आपल्या शाळांत चूक काढणाऱ्याला आगाऊ म्हणण्याची सवय आहे. बर्कलेच्या त्या दोन आगाऊ विद्यार्थ्यांमुळे साऱ्या जगाचे कुलूप मजबूत झाले, हे आपण विसरू नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, ५ आणि ११ ची किल्ली तुम्ही स्वतःच शोधा. तिचे उत्तर मी येथे मुद्दामच दिलेले नाही.